सत्तर वर्षांचा क्रॉलर आणि आम्ही दोघं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, निवृत्तीनंतर सध्या काय वाचन चालू आहे?" आम्ही खरं तेच सांगितलं की सध्या वाचन कमी आणि ग्रीस जास्त. आम्ही एक जुना ट्रॅक्टर दुरुस्त करतो आहोत. सगळे हसले. संयोजकांनी मात्र ते मनावर घेतलं आणि म्हणाले, पुढचं व्याख्यान त्यावरच द्या. म्हणून आजचा विषय हा असा आहे. तत्त्वज्ञान ऐकायला आलेल्यांनी निराश होऊ नये, वाटेत थोडं भेटेल.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. बोलणारा एक असला तरी काम दोघांचं आहे आणि आज जे सांगणार आहे त्यातला निम्मा शहाणपणा तिचा आहे. चूक कोणाची, ते पुढे कळेलच.

नोकरीच्या निमित्तानं आम्ही अमेरिकेत आलो आणि निवृत्तीनंतर व्हरमाँट राज्यात रान घेऊन राहिलो. चाळीसेक एकर, बहुतेक मेपल, बीच, बर्च आणि ॲश. तिथे एक चांगली योजना आहे. किमान पंचवीस एकर रान शास्त्रशुद्ध आराखड्याप्रमाणे सांभाळलं, तर त्या जमिनीवरचा कर बाजारभावानं न लागता रान म्हणून जे मोल असेल त्यावर लागतो. आराखडा झाला म्हणजे काम आलं. कोणती झाडं काढायची, कोणती राखायची, वाट कुठून न्यायची. आणि काढलेलं झाड रस्त्यापर्यंत आणायचं कसं, हा प्रश्न आला.

चाक का रुततं?

आमचं मूळ गाव परभणी जिल्ह्यात. काळी जमीन. पावसाळ्यात भरलेली गाडी रानात रुतली की काय होतं, हे इथल्या अनेकांनी पाहिलं असेल. बैल गुडघ्यावर येतात, माणसं चाकाला खांदा देतात आणि लोखंडी धाव चिखलात आणखी खाली जाते. लहानपणी आम्हाला वाटायचं, गाडी जड म्हणून रुतते. ते अर्धंच खरं आहे. गाडी रुतते, कारण तिचं सगळं वजन चार बोटं रुंदीच्या दोन धावांवर येतं. रुतणं ठरतं ते वजन भागिले टेकलेली जागा या हिशोबानं.

क्रॉलर म्हणजे या भागाकाराचा छेद मोठा करणारं यंत्र. आपल्याकडे ज्याला 'चेनवालं मशिन' म्हणतात तेच, पण लहान. चाकांऐवजी दोन बाजूंना लोखंडी पट्टे. ट्रॅक्टर स्वतःच स्वतःचा रस्ता पुढे अंथरतो, त्यावरून चालतो आणि मागून तो उचलून पुन्हा पुढे आणतो.

आमच्या यंत्राचा हिशोब करू. पुढचं पातं, मागची विंच आणि बसलेला माणूस धरून वजन अंदाजे १८०० किलो. प्रत्येक पट्टा २५ सेंटीमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी १३० सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही मिळून ६५०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर पाव किलोहून थोडं जास्त. आता तुम्ही चालताना एक पाय उचलता, तेव्हा तुमचं सत्तर किलो एका बुटावर येतं. बुटाचा तळ दोनशे चौरस सेंटीमीटर धरा. झालं साडेतीनशे ग्रॅम. म्हणजे हे पावणेदोन टनाचं धूड जमिनीला चालत्या माणसापेक्षा कमी दाबतं. रबरी टायरचा दाब साधारण त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो, म्हणजे याच्या तीन-चार पट.

याचं महत्त्व काय? मेपलची पोसणारी मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. ती माती दाबली गेली की तिच्यातली हवा आणि पाणी जायच्या पोकळ्या मिटतात. झाड त्या वर्षी मरत नाही, दहा वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं. तोवर कोणाला आठवतंय, कोणती गाडी कधी गेली होती! एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओंडका ओढताना वजन मागे सरकतं आणि दाब सगळीकडे सारखा राहत नाही. जागच्या जागी वळलात तर पट्ट्यांच्या कडा जमीन सोलून काढतात. म्हणून वळणं मोठी ठेवायची आणि शक्यतो जमीन गोठलेली असताना काम करायचं. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून चिखल होतो, त्या दिवसांत यंत्र शेडमध्येच बरं.

यंत्राचं कुळ

पट्ट्यांच्या यंत्राची गोष्ट बहुतेक ठिकाणी कॅलिफोर्नियापासून सांगतात. तिथे स्टॉकटनच्या बेंजामिन होल्टनं १९०४ साली नदीमुखाच्या भुसभुशीत जमिनीसाठी वाफेच्या ट्रॅक्टरची चाकं काढून पट्टे बसवले. पण त्याच्या आधी, १९०१ साली, मेन राज्यातल्या वॉटरव्हिलच्या ॲल्व्हिन लोंबार्ड यांना ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या यंत्राचं पेटंट मिळालं होतं. मागे लोखंडी पट्टे, पुढे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या आणि समोर उघड्यावर बसून दिशा देणारा माणूस. म्हणजे या यंत्राचा एक जन्म शेतातला आणि एक रानातला. आम्ही ज्या भागात राहतो त्याच्या जवळच्याच राज्यातला.

आमचा ट्रॅक्टर ऑलिव्हर ओसी-३. याचं माहेर ओहायोतलं क्लीव्हलँड. रोलिन व्हाइट यांनी १९१६ साली तिथे कंपनी काढली, तिचे ट्रॅक्टर 'क्लेट्रॅक' नावानं विकले गेले. १९३९ साली त्यांनी 'एचजी' नावाचा छोटा क्रॉलर काढला. १९४४ मध्ये कंपनी ऑलिव्हरनं घेतली आणि १९५१ पासून तोच एचजी थोड्या सुधारणांसह ओसी-३ झाला. चार सिलिंडरचं हर्क्युलिस पेट्रोल इंजिन, तीन गिअर पुढचे, एक मागचा. पहिल्या गिअरमध्ये तो माणसाबरोबर रमत चालतो. ही यंत्रं अनेक रुंदींत मिळत. आमचं दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर ४२ इंच. अरुंद असल्यानं झाडांमधून सहज जातो आणि अरुंद असल्यानंच आडव्या उतारावर कलंडू शकतो. गुण आणि दोष एकाच मोजमापात.

दुरुस्ती: कुठून सुरुवात करायची

आम्ही तो एका गोठ्यामागून आणला. पट्ट्यांच्या मधून दंडाएवढं झाड वाढलं होतं. आधी ते कापावं लागलं.

असं यंत्र घ्यायचं कोणाच्या मनात असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. माणूस आधी इंजिन बघतो. ते चूक आहे. इंजिन सगळ्यांना कळतं, त्याचे भाग मिळतात. खिसा रिकामा होतो तो खाली, पट्ट्यांत. सायकलची जुनी चेन जशी सैल होते तसंच इथे. कड्या जोडणाऱ्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि पूर्ण पट्टा लांबतो. मग कडी आणि स्प्रॉकेटचा दात यांचं अंतर जुळत नाही, दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा पट्टा घातला तर तोही लवकर जातो. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करायचा. पट्टा फार ताणायचाही नाही. वरच्या बाजूला दीड-दोन इंच झोळ हवा. ताणला की दिसतो छान, पण झिजतो झपाट्यानं.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडलं आणि वाट पाहिली. आठ दिवसांनी फ्लायव्हीलला हलकासा झोका दिला. हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. आमच्यापैकी एकाला घण घ्यायची घाई होती, दुसरीनं तो लपवून ठेवला. विसाव्या दिवशी नखभर हललं. जोर केला असता तर पिस्टन फुटला असता. हे साइड-व्हॉल्व्हचं इंजिन असल्यानं हेड काढणं सोपं होतं. अडकलेले व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच सोडवले, घासून बसवले. ठिणगीचे पॉइंट साफ केले, टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर तीनदा उघडला. एप्रिलमध्ये ते खोकलं आणि चालू झालं.

एक सावधगिरी. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. कोरडं घासायचं नाही, हवेनं फुंकायचं नाही. ओलं करायचं आणि योग्य मास्क लावायचा. सत्तरीत मरायची इतर पुष्कळ कारणं आहेत, त्यात हे वाढवू नये.

तोच का हा?

इथे आमच्यातला मास्तर जागा होतो. पिना नव्या, बुश नवे, सीटखालचा पत्रा नवा, रेडिएटर दुसऱ्या यंत्राचा. मग हा ट्रॅक्टर १९५० च्या दशकातला तोच आहे का? प्लुटार्कनं थिसियसच्या जहाजाचा प्रश्न लिहून ठेवला आहे. फळ्या बदलत गेल्या, तर जहाज तेच का? हॉब्जनं त्याला चिमटा काढला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जोडून दुसरं जहाज केलं, तर खरं कोणतं? आणि आपल्याकडे नागसेनानं मिलिंद राजाला रथाचं विचारलं. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? नाही. मग रथ आहे कुठे?

वर्गात हा प्रश्न आम्ही तीस वर्षं शिकवला आणि दरवेळी तो उघडाच सोडला. शेडमध्ये तो असा उघडा सोडता येत नाही, कारण रंग द्यायचा की नाही, हे ठरवावं लागतं. जुन्या यंत्रांच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून निघाला तसा चकचकीत करा. दुसरा म्हणतो, मूळ गंजका रंग राखा. आम्ही तिसरा मार्ग घेतला. जिथे गंज काम बिघडवेल तिथे रंग, बाकी जसं आहे तसं. आमच्या लेखी तो तोच आहे, कारण तो तेच काम करतो. नागसेनाला हे उत्तर कदाचित पटणार नाही, पण त्याला सरपण ओढायचं नव्हतं.

ॲशची झाडं

आता कामाकडे येऊ. पूर्व आशियातून आलेला हिरव्या रंगाचा एक भुंगा, एमराल्ड ॲश बोरर, अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये ओळखला गेला. व्हरमाँटमध्ये तो २०१८ मध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि झाडाचं अन्न वाहणारा थर तोडतात. काही वर्षांत झाड जातं. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. कापायला गेलं तर वरची फांदी न सांगता खाली येते. म्हणून जी झाडं वाटेवर आणि घरावर पडू शकतात, ती वेळेत काढावी लागतात.

आमच्या वाटेलगत अशी तीन डझन झाडं होती. आतली मेलेली झाडं आम्ही सुतारपक्ष्यांसाठी उभी ठेवली. जी अजून धडधाकट दिसतात त्यांना हात लावला नाही. त्यातलं एखादं खरोखर तग धरणारं निघालं, तर पुढची पिढी त्याच्या बियांतून येईल. आणि काढलेलं लाकूड आम्ही आमच्याच चुलीत जाळतो, दुसरीकडे नेत नाही. भुंगा स्वतः उडून जाईल त्यापेक्षा कितीतरी लांब तो सरपणाच्या गाडीतून जातो.

लिव्हर आणि पाय

आता ज्यासाठी हे व्याख्यान द्यावंसं वाटलं, ते सांगतो. त्यासाठी हा ट्रॅक्टर वळतो कसा, ते समजून घ्यावं लागेल.

बऱ्याच क्रॉलरमध्ये दोन बाजूंना दोन क्लच असतात. डावा लिव्हर ओढला की डाव्या पट्ट्याची ताकद तुटते, उजवा पुढे जातो, यंत्र डावीकडे वळतं. क्लेट्रॅकची रीत वेगळी. इथे डिफरन्शियलमध्येच जास्तीची गिअरचाकं आणि दोन ड्रम आहेत. प्रत्येक ड्रमभोवती एक पट्टी, आपण तिला बँड म्हणू. डावा लिव्हर ओढला की डावा ड्रम थांबतो आणि गिअरांचं गणित बदलतं. डावा पट्टा हळू होतो आणि जेवढा तो हळू होतो तेवढाच उजवा जलद. नुसतं समजण्यासाठी आकडे घ्या. दोन्ही शंभरनं चालत असतील, तर एक साठ होईल आणि दुसरा एकशेचाळीस. ताकद कोणाचीच तुटत नाही. म्हणून ओझं ओढत वळताना आणि उतारावर ही रीत फार चांगली. पायाचा ब्रेक दाबला की दोन्ही बँड एकदम आवळतात आणि यंत्र थांबतं.

आता बघा. आमची वाट रानातून खाली येते आणि जवळजवळ सगळी वळणं डावीकडची आहेत. म्हणजे डावा बँड रोज झिजणार, उजवा नाही. डावा लिव्हर हळूहळू जास्त मागे येऊ लागला होता. ते आमच्या लक्षात आलं होतं. "या आठवड्यात ॲडजस्ट करू," असं तीन आठवडे म्हटलं.

फेब्रुवारीतली सकाळ. मागे ॲशचा ओंडका, पुढे उतार, डावीकडे वळण, उजवीकडे ओढा. लिव्हर ओढला. तो पार मांडीपर्यंत आला आणि यंत्र सरळच चालत राहिलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

इथे थांबून विचार करा, काय झालं असेल. ब्रेक दोन्ही बँड आवळतो. डावा घसरत होता, उजव्यानं पक्कं धरलं. उजवा ड्रम धरला म्हणजे उजवा पट्टा हळू, डावा जलद. यंत्र उजवीकडे वळलं. ओढ्याकडे.

खालून हिनं ओरडून सांगितलं, "अहो, पाय काढा! पातं टाका!" ती वाटेवर पुढे उभी होती, तिला पट्टे दिसत होते. पाय काढला, पातं खाली सोडलं, इंजिन गिअरमध्येच ठेवून बंद केलं. पातं गोठलेल्या मातीत रुतलं आणि यंत्र काठापासून चार-पाच फुटांवर थांबलं. क्लच दाबला असता तर इंजिनाची धरही सुटली असती. या जुन्या यंत्राला डोक्यावर सुरक्षेचा सांगाडा नाही. ओढा आठ फूट खोल आहे.

गिल्बर्ट राइल यांनी 'कसं करायचं हे येणं' आणि 'असं असं आहे हे माहीत असणं' यांत भेद केला. १९४९ सालच्या त्यांच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात तो सविस्तर आहे. आम्ही तो कित्येक वर्षं फळ्यावर दोन स्तंभ काढून शिकवला. त्या सकाळी पहिला स्तंभ रिकामा होता. डिफरन्शियलची आकृती आम्हाला झोपेतही काढता आली असती. ती पायापर्यंत पोहोचलेली नव्हती. आणि 'बँड झिजला आहे' हे माहीत असून पान्हा न उचलणं, याला ज्ञान म्हणायचं का, हा आणखी वेगळा प्रश्न.

त्यानंतर तीन आठवडे यंत्र उघडं पडून होतं. तेल काढलं, दोन्ही बँडना नवी लायनिंग बसवली, दोन्ही बाजूंचा खेळ सारखा लावला. आणि शेडच्या दारावर चार नियम लिहिले. रोज सकाळी सपाटीवर दोन्ही लिव्हर तपासायचे. उघड्या खडकावर आणि बर्फाच्या काचेवर जायचं नाही, कारण लोखंडी पट्टा तिथे घसरगुंडीसारखा सुटतो. ओंडका नेहमी खालच्या हुकालाच बांधायचा, कारण दोर वर बांधून ओढलं तर यंत्र पुढून उचलून मागे उलटू शकतं. एकट्यानं कधीच चालवायचं नाही.

पाचवा नियम लिहिला नाही, पण बोललो. थांबायचं कधी? ती म्हणाली, "तुम्ही ठरवलंत तर कधीच नाही. म्हणून मी ठरवते. तीन डझन संपली की." अठ्ठावीस झाली आहेत. आठ उरली आहेत.

आणि ट्रॅक्टर? खालच्या फार्मवरची एक मुलगी आहे, पंचविशीतली. गेल्या हिवाळ्यापासून ती शिकते आहे. या यंत्रावर दुसऱ्याला बसायला जागा नाही, त्यामुळे ती चालवते आणि आम्ही बाजूनं, सुरक्षित अंतरावरून, चालतो. पहिल्या दिवशी आम्ही तिला आकृती काढून दाखवू लागलो. तिनं शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, आधी सपाटीवर एक बँड मुद्दाम ढिला करून मला ब्रेक दाबू द्या. ते आम्हाला सुचलं नव्हतं. तिनं दाबला, यंत्र भलतीकडे वळलं, तिनं पाय काढला. पाच-सहा वेळा केलं. आता ते तिच्या पायाला माहीत आहे.

एक प्रश्न आला आहे. "महाराष्ट्रात असा ट्रॅक्टर उपयोगी पडेल का?" आमचं उत्तर असं की यंत्र शोधत बसू नका, भागाकार लक्षात ठेवा. पावसात ओल्या काळ्या रानात जड ट्रॅक्टर घालण्याआधी वजन आणि टेकलेली जागा यांचा विचार करा, आणि जमीन वाफशावर येईपर्यंत थांबा. हे आपल्या शेतकऱ्याला आमच्याआधीपासून माहीत आहे.

वेळ संपली. यंत्र कोणतंही असो, तुमच्या घरात जो लिव्हर हल्ली जरा जास्त मागे येतो आहे, तो याच आठवड्यात बघा.